फॉकलंड : आरमार होतं, मग धाक कुठे गेला?

प्रश्न : मुंबईत 'विराट' पाहिली होती. ती पूर्वी 'हर्मिस' नावाने १९८२ च्या फॉकलंड युद्धात ब्रिटिश ताफ्याची मुख्य नौका होती, असं कळलं. अशी जहाजं बाळगणाऱ्या देशाची बेटं घ्यायची हिंमत अर्जेंटिनाला झालीच कशी? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : जहाजं इंग्लंडात होती आणि बेटं तिथून जवळपास १३ हजार किलोमीटरवर, दक्षिण अटलांटिकात. बेटांवर एरवी ब्रिटिश नौदलाचे चाळीसेक रॉयल मरीन सैनिक असत. २ एप्रिलला अर्जेंटिनाने हल्ला केला तेव्हा तुकडी बदलायची वेळ होती म्हणून साठ-सत्तर सापडले. अर्जेंटिनाच्या जुंटाला, म्हणजे लष्करी राजवटीला, घरच्या असंतोषावरून लोकांचं लक्ष उडवायचं होतं, हे खरंच. पण ब्यूनस आयर्सहून लंडन कसं दिसत होतं, तेही पाहा. १९७६ मध्ये अर्जेंटिनाने ब्रिटनच्या दक्षिण थूली या ओसाड बेटावर माणसं उतरवली. लंडनने निषेध नोंदवला, माणसं तिथेच राहिली. १९८१ च्या संरक्षण आढाव्यात त्या समुद्रात गस्त घालणारी 'एन्ड्युरन्स' नौका काढून घ्यायचं ठरलं. त्याच वर्षीच्या कायद्याने बऱ्याच बेटवासीयांना पूर्ण ब्रिटिश नागरिकत्व नाकारलं. फेब्रुवारी १९८२ मध्ये 'इन्व्हिन्सिबल' ही विमानवाहू नौका ऑस्ट्रेलियाला विकायचं जाहीर झालं. लंडनमध्ये हे वेगवेगळ्या टेबलांवरचे कागद होते, कुठे काटकसर, कुठे स्थलांतराची चिंता. फॉकलंडचा विचार त्यात फारसा कुणी केला नव्हता. समोरच्याने मात्र ते एकाच फायलीला लावून वाचले.

प्रश्न : वेळेवर एखादी अणुपाणबुडी पाठवली असती, तर भागलं असतं का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : १९७७ मध्ये नेमकं तेच केलं होतं. 'ड्रेडनॉट' ही अणुपाणबुडी बेटांजवळ आणि दोन फ्रिगेट बऱ्याच अंतरावर, सगळं गुपचूप. हल्ला झाला नाही, म्हणून पुढे श्रेय पाणबुडीला दिलं गेलं. आम्हाला ते पटत नाही. जी पाणबुडी आहे हे समोरच्याला सांगितलंच नाही, तिला तो भिणार कसा? प्रसंग आलाच असता तर ती उपयोगी पडली असती, एवढंच. धाक बसवायचा तर ती आहे हे सांगावं लागतं, नेमकी कुठे आहे ते नाही.

१९८२ चा हिशेब वेळेचा होता. १९ मार्चला दक्षिण जॉर्जिया या ब्रिटिश बेटावर भंगार काढणारे अर्जेंटिनी कामगार उतरले आणि तिथून प्रकरण चिघळलं. 'स्पार्टन' पाणबुडीला हुकूम मिळाला २९ मार्चला, ती पोचली १२ एप्रिलला. बेटं जाऊन दहा दिवस झाले होते. त्याच दिवसापासून ब्रिटनने बेटांभोवती अर्जेंटिनी जहाजांसाठी २०० सागरी मैलांचं बंदीक्षेत्र लागू केलं. म्हणजे धोका दिसल्यावर निघायचं ठरवलं, तर किमान दोन आठवडे आधी दिसायला हवा. तसा तो क्वचितच दिसतो.

प्रश्न : मग आता तिथे काय ठेवलंय? (एक वाचक, पणजी)

उत्तर : मुख्य म्हणजे धावपट्टी. युद्धाच्या वेळी पोर्ट स्टॅनली या बेटांच्या राजधानीची पट्टी जेमतेम १,२५० मीटर होती. अर्जेंटिनाने ती ताब्यात घेऊनही वाढवली नाही. त्यामुळे त्यांच्या वेगवान जेट विमानांना सुमारे ७०० किलोमीटरवरच्या मुख्य भूमीवरूनच यावं लागे, आणि बेटांवर पोचेपर्यंत रेंगाळण्यापुरतंही इंधन उरत नसे. ब्रिटनलाही ती पुरती निकामी करता आली नाही. १ मेच्या पहाटे व्हल्कन विमानाने २१ बॉम्ब टाकले, पट्टीवर पडला एक. अर्जेंटिनाची मालवाहू हर्क्युलिस विमानं युद्ध संपेपर्यंत रात्री उतरत राहिली.

युद्धात बेटं परत मिळवल्यावर ब्रिटनने १९८५ मध्ये तिथे माउंट प्लेझंट तळ सुरू केला. त्याची पट्टी सुमारे २,५९० मीटर, म्हणजे कुमक आठवड्यांऐवजी तासांत येते. पण अशी लांब पट्टी राखण नसताना सोडली, तर ती शत्रूच्याच कामी यायची. म्हणून तिथे चार टायफून लढाऊ विमानं, क्षेपणास्त्रं, पायदळ आणि गस्तीनौका कायम असतात.

प्रश्न : वाद मिटला का? (तेच वाचक)

उत्तर : नाही. अर्जेंटिनाच्या घटनेत १९९४ पासून बेटांवरचा दावा लिहिलेला आहे. २०१३ च्या सार्वमतात बेटवासीयांनी ब्रिटनच्या बाजूने १,५१३ आणि विरोधात ३ मतं दिली. अर्जेंटिना ते सार्वमत मानत नाही.