मेरापी रोज फुटतोय म्हणतात, मग जोग्जाला जायचं की नाही?

तुम्ही विचारलंय की पुढच्या महिन्यात आई-बाबांना घेऊन योग्याकार्ताला, म्हणजेच जोग्जाला, चाललोय, बातम्यांत सारखं मेरापी फुटला मेरापी फुटला येतंय, हॉटेलवाला म्हणतो इथे रोजचंच आहे काही होत नाही, तर खरं काय आणि हा डोंगर आधी किती मोठा फुटलाय. मी जिऑलॉजीत एमएस्सी केलंय, पोटापाण्यासाठी आता सॉफ्टवेअर, पण डोक्यातले दगड काही गेले नाहीत आणि मेरापीच्या पायथ्याशी दोनदा जाऊन आलोय, त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे.

आधी एक गोंधळ मिटवू. मेरापी इंडोनेशियातल्या जावा बेटावर, आणि मरापी हा वेगळाच ज्वालामुखी पश्चिम सुमात्रात. डिसेंबर 2023 मध्ये वीसहून जास्त गिर्यारोहक गेले ती बातमी मरापीची. आपल्याकडचे चॅनेल दोन्हीची सरमिसळ करतात, तुमच्या घरच्यांनी बहुतेक तेच बघून धसका घेतलाय.

आता मेरापी. शहराच्या उत्तरेला साधारण 28-30 किलोमीटरवर, उंची 2,900 मीटरच्या आसपास. आसपास अशासाठी की प्रत्येक मोठ्या उद्रेकात माथा थोडा उडतो, 2010 च्या आधी तो 2,968 मीटर होता. जावाच्या दक्षिणेला समुद्रात इंडो-ऑस्ट्रेलियन प्लेट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचा एक भलामोठा तुकडा, वर्षाला सहा-सात सेंटिमीटर अशी जावाच्या खाली घुसतेय, तिच्यासोबत खाली गेलेलं पाणी खोल गेल्यावर सुटतं, पाणी मिसळलं की वरचा गरम खडक एरवीपेक्षा कमी तापमानाला वितळतो, तो झाला मॅग्मा. तो वर येताना चुनखडीचे थर लागतात, त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटून मॅग्मात अजून गॅस भरतो. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आपला सह्याद्री पण लाव्हाचाच ना, मग तो असा टोकदार का नाही, हे मला मित्र नेहमी विचारतात. दख्खनचा लाव्हा म्हणजे एकतारी पाक, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भेगांतून वर आला आणि लांबलांबपर्यंत पसरला, म्हणून आपल्याकडे पायऱ्यापायऱ्यांचे सपाट माथ्याचे डोंगर. मेरापीचा लाव्हा म्हणजे गोळीबंद पाक. सिलिका थोडी जास्त, स्फटिक भरपूर, गॅस भरपूर, त्यामुळे तो वाहतच नाही, शिखरावरच साचून राहतो आणि त्याचा घुमट बनतो. एक थर लाव्हाचा, एक राखेचा, एक ढासळलेल्या दगडांचा, असं हजारो वर्षं रचत गेलं की उभ्या चढाचा शंकू तयार होतो. त्यातही आत्ता दिसणारा शंकू नवा आहे, आधीचा जुना मेरापी कोसळला आणि त्याच्या खोबणीत हा वाढला. दक्षिणेला तुर्गो आणि प्लावांगन या टेकड्या दिसतात त्या जुन्याचे अवशेष.

तर हा घुमट हीच खरी भानगड. खालून मॅग्मा ढकलतोय, घुमट फुगतोय, कडा उताराबाहेर लटकतायत, आणि एक दिवस कड मोडते. मोडल्यावर नुसते दगड गडगडत नाहीत, आतला कोंडलेला गॅस एकदम सुटतो आणि शेकडो अंश तापलेली राख, गॅस, दगड यांचा लोट जमिनीलगत धावत खाली येतो. वेग ताशी शंभर किलोमीटर किंवा जास्त, पळून सुटायचा प्रश्नच नाही. जगभरातले ज्वालामुखीवाले या प्रकाराला मेरापी टाइप असंच म्हणतात. गावातले लोक मात्र म्हणतात वेधुस गेंबेल, म्हणजे लोकरीची मेंढी, कारण लांबून तो लोट कुरळ्या लोकरीसारखा गुंडाळत येताना दिसतो. मला हे नाव पाठ्यपुस्तकातल्या नावापेक्षा कितीतरी आवडतं आणि ते आठवलं की अंगावर काटाही येतो.

इतिहास सांगायचा तर दर दोन-पाच वर्षांनी काहीतरी बारीकसारीक चालूच असतं. 1872 चा मोठा. डिसेंबर 1930 मध्ये जवळपास 1,370 माणसं गेली. नोव्हेंबर 1994 मध्ये घुमट कोसळला, लोट तुर्गो गावात शिरला तेव्हा तिथे लग्न चालू होतं, साठहून जास्त गेले.

पण तुमच्या हॉटेलवाल्याचं "काही होत नाही" आहे ना, त्याचं खरं उत्तर 2006 आणि 2010 मध्ये आहे. किनाहरेजो गावात म्बाह मारिजान नावाचे आजोबा राहायचे, म्बाह म्हणजे आजोबाच. ते जुरु कुंची, म्हणजे डोंगराचे किल्लीदार, जोग्जाच्या सुलतानांनी 1982 मध्ये नेमलेले, दरवर्षी राजवाड्याकडून डोंगराला नैवेद्य जातो तो पोचवायचा मान त्यांचा. 2006 मध्ये घुमट वाढला, सरकारने गाव रिकामं करायला सांगितलं, आजोबा हललेच नाहीत. आणि त्यांच्या गावाला काही झालं नाही! देशभर हिरो झाले, जाहिरातीत पण झळकले. मधल्या काळात 27 मे 2006 ला जोग्जाच्या दक्षिणेला भूकंप झाला त्यात पाच हजारांवर माणसं मेली, मेरापीने त्यामानाने कमी नेली, 14 जूनला किनाहरेजोजवळच्या कालियाडेमच्या बंकरमध्ये आसऱ्याला गेलेले दोन स्वयंसेवक.

आता गंमत बघा, गंमत कसली म्हणा. शिखराच्या दक्षिण बाजूला जुन्या लाव्हाची एक भिंत होती, गेगर बोयो, म्हणजे मगरीची पाठ. किनाहरेजो आणि कालियाडेमच्या डोक्यावर तीच ढाल होती, म्हणून लोट बहुतेक वेळा नैऋत्येच्या नद्यांकडे वळायचे. जून 2006 मध्ये ती भिंतच कोसळली. म्हणजे ज्या उद्रेकाने गावाला शिकवलं की आपल्याला काही होत नाही, त्याच उद्रेकाने गावाची ढाल काढून नेली.

ऑक्टोबर 2010. 25 तारखेला इशारा सर्वात वरच्या पातळीवर नेला, 26 ला संध्याकाळी पाचच्या सुमारास लोट थेट किनाहरेजोवर आला. गाव शिखरापासून पाचेक किलोमीटर. आजोबा 83 वर्षांचे, या वेळीही हलले नव्हते, घरात नमाजातल्या सजद्याच्या अवस्थेत सापडले. त्यांना समजवायला वर गेलेला एक पत्रकार पण गेला. मी आजोबांना वेडं म्हणणार नाही, त्यांच्या हिशोबात 2006 हा पुरावा होता. फक्त या वेळचा मॅग्मा आधीपेक्षा खूप जास्त, गॅसने ठासलेला आणि खोलातून भराभर वर आलेला, घुमट सेकंदाला 25 घनमीटर वेगाने वाढत होता, नेहमीपेक्षा कितीतरी पट. सरकारी ज्वालामुखी खात्याचे सुरोनो नावाचे प्रमुख, त्यांनी धोक्याची हद्द 10 वरून 15 आणि 5 नोव्हेंबरच्या मध्यरात्री 20 किलोमीटर केली, त्याच रात्री सगळ्यात मोठा स्फोट झाला आणि गेंडोल नदीच्या पात्रातून लोट पंधरा किलोमीटरपर्यंत खाली आला. एकूण साडेतीनशेच्या वर माणसं गेली, चारेक लाख हलवलेली. ती हलवली नसती तर आणखी दहा-वीस हजार गेली असती असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. बोरोबुदूर हे प्राचीन बौद्ध मंदिर राखेने पांढरं झालं, जोग्जाचा विमानतळ पंधराएक दिवस बंद, ओबामा तेव्हा जकार्तात होते त्यांनी पण दौरा आटोपता घेतला.

आणि उद्रेक थांबला म्हणजे संपलं असं नाही, उतारावर साचलेली राख-वाळू पुढच्या पावसात चिखल होऊन नदीतून धावते, मोटारीएवढे धोंडे घेऊन. त्याला लहार म्हणतात, शब्द मूळ जावानीजच. त्या पावसाळ्यात पूल आणि घरं वाहून गेली. आता त्याच नद्यांतून वाळूचे ट्रक भरून निघतात आणि वर उतारावर सालकच्या बागा आहेत, राखेच्या जमिनीत फळ मस्त गोड येतं. लोक तिथे का राहतात याचं उत्तर तिथे उभं राहिलं की विचारावं लागत नाही.

आता आजचं. 2018 मध्ये परत सुरुवात झाली, 5 नोव्हेंबर 2020 ला इशारा चारपैकी तिसऱ्या पातळीवर नेला, त्याला सियागा म्हणतात, आणि तो नंतर वर्षानुवर्षं तसाच ठेवलाय. जानेवारी 2021 पासून नैऋत्य कडेला एक आणि मध्ये एक असे दोन घुमट, त्यांचे तुकडे सारखे खाली पडतात, मधूनच लोट निघतो, मार्च 2023 मध्ये लोट निघाले तेव्हा आजूबाजूच्या गावांवर राख पडली. "रोज फुटतो" म्हणतात ते हेच पडणं. जोग्जा शहर, प्रंबाननची देवळं, बोरोबुदूर हे सगळं बरंच लांब आहे, तिथे आई-बाबांना बिनधास्त न्या, राख पडली तर पडली, मास्क ठेवा आणि वडिलांना दमा असेल तर जास्तीचे. शिखर चढायला 2018 पासूनच बंद आहे, कोणी पैसे घेऊन नेतो म्हणाला तरी नको. कालियाडेमची जीप टूर चालते, मी केलीय, पण त्या दिवशीची हद्द स्वतः बघा, BPPTKG म्हणजे बीपीपीटीकेजी या जोग्जातल्या सरकारी केंद्राचा नकाशा असतो, वेगवेगळ्या नद्यांना वेगवेगळे किलोमीटर दिलेले असतात. वर पाऊस दिसत असेल तर नदीच्या पात्रात उतरायचं नाही, खाली ऊन असलं तरी.

अजून एक, संबिसारीला अर्धा तास तरी काढा, जुन्या विमानतळापासून जवळच आहे. 1966 मध्ये एका शेतकऱ्याच्या अवजाराला शेतात दगड लागला, खणत गेले तर साडेसहा मीटर खाली नवव्या शतकातलं शंकराचं देऊळ, वरचा सगळा मेरापीचा माल. गर्दी नसते. आईंच्या गुडघ्यांचं तेवढं बघा, दर्शनाला पायऱ्या उतरून खाली जावं लागतं.