मधुमेहात ‘नॉर्मल’ एलडीएलवर विसंबू नका

तुमचा प्रश्न असा: आई 58 वर्षांची, नऊ वर्षांपासून मधुमेह आणि बीपी. टोटल कोलेस्टेरॉल 186, एचडीएल (‘चांगलं’ कोलेस्टेरॉल) 38, ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक चरबी) 220, एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) 104. अ‍ॅटोरव्हास्टॅटिन 10 मिलिग्रॅम (कोलेस्टेरॉल उतरवणारी, स्टॅटिन गटातली गोळी) सुरू केल्यावर तीन महिन्यांत एलडीएल 66 झालं. ‘गोळीने साखर वाढते’ असं कोणीतरी सांगितलं, तर बंद करावी का?

डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच बंद करू नका. ते 66 गोळीमुळे आहे. ती सोडली की काही आठवड्यांत आकडा पुन्हा शंभराजवळ जाईल. साखर किंचित वाढते हे खरं, पण एचबीए1सीमध्ये (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) तो फरक साधारण 0.1 टक्क्याचा. उलट 2004 च्या कार्ड्स अभ्यासात, हृदयविकार नसलेल्या मधुमेहींमध्ये याच 10 मिलिग्रॅमने हार्ट अ‍ॅटॅक, पक्षाघातासारख्या मोठ्या घटना 37 टक्क्यांनी घटल्या.

लॅबच्या कागदावरची रेंज सगळ्यांसाठी छापलेली असते. मधुमेहासोबत बीपी असेल तर एलडीएल 70 च्या खाली हवं. आधी अ‍ॅटॅक येऊन गेला असेल तर 55 च्या खाली.

आता तिचा पहिला रिपोर्ट पुन्हा काढा. 186 वजा 38, म्हणजे नॉन-एचडीएल (एचडीएल सोडून उरलेलं सगळं कोलेस्टेरॉल) 148. हवं 100 च्या आत. ट्रायग्लिसराइड जास्त असलं की एलडीएलचे कण बारीक आणि संख्येने जास्त असतात, म्हणून एकट्या 104 वरून धोका कळत नाही. शिवाय बऱ्याच लॅब एलडीएल मोजत नाहीत, हिशोबाने काढतात: 186 − 38 − (220 ÷ 5) = 104. ट्रायग्लिसराइड 400 च्या वर गेलं की हा हिशोब चुकतो. तेव्हा डायरेक्ट एलडीएल (थेट मोजणारी तपासणी) करून घ्या. नव्या रिपोर्टमध्येही नॉन-एचडीएल काढून बघा.

ट्रायग्लिसराइड 220 आहे, त्यासाठी आधी साखर आटोक्यात आणा आणि टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) तपासा. इथेच घरोघरी चूक होते: तेल-तूप तोडतात, पण चहासोबत खारी, उपासाला साबुदाणा चालूच. ट्रायग्लिसराइड वाढवण्यात मैदा, साखर आणि दारूचा मोठा वाटा असतो. तेल माणशी महिन्याला अर्धा लिटर. चौघांच्या घरात दोन लिटरची पिशवी महिनाभर पुरली पाहिजे.

दोन्ही मांड्या किंवा पोटऱ्या दुखू लागल्या तर डॉक्टरांना सांगून सीपीके (स्नायूंना इजा झाली का ते दाखवणारी रक्ततपासणी) तपासा. बऱ्याचदा डोस कमी करून किंवा स्टॅटिन बदलून भागतं. लघवी चहासारखी काळपट झाली तर मात्र गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठा. कोणी क्लॅरिथ्रोमायसिन (एक अँटिबायोटिक) लिहून दिलं, तर स्टॅटिन चालू असल्याचं आधी सांगा.

पुढे आकडा वाढलाच, तर डोस दुप्पट करून एलडीएल आणखी जेमतेम 6 टक्के उतरतं; एझेटिमाइब 10 मिलिग्रॅम (कोलेस्टेरॉल उतरवणारी दुसरी गोळी) जोडलं तर 20 टक्क्यांच्या आसपास. बदल केल्यावर 4 ते 12 आठवड्यांत लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉलची ही सगळी तपासणी) पुन्हा करा.