किलिमांजारो: पाच दिवसांची वाट स्वस्त पडेल का?

नमस्कार. सोलापुरात तुमचं चादरी-टॉवेलचं दुकान आहे. 3 लाखांची भिशी उचलली आहे आणि येत्या जानेवारीत टांझानियातला किलिमांजारो चढायचा आहे. वेगवेगळ्या वाटांची तुम्हाला आलेली कोटेशनं अशी: मारांगू 5 दिवस 1,45,000, माचामे 7 दिवस 1,95,000, लेमोशो 8 दिवस 2,35,000. विमान, व्हिसा, विमा, कपडे आणि टिप मिळून आणखी 1,45,000. मारांगू भिशीत बसते, म्हणून तीच घेऊ का, असं तुम्ही विचारलंत.

माझं मत, ती घेऊ नका.

तिथल्या राष्ट्रीय उद्यानाचं शुल्क दिवसावर आकारतात, गाईड आणि हमालांची मजुरीही दिवसावर. म्हणजे वाचलेले पैसे हे कमी केलेले दिवस आहेत, आणि शरीराला विरळ हवेची सवय व्हायला नेमके तेच लागतात. शिखर 5,895 मीटरवर, आपलं सोलापूर जेमतेम साडेचारशेवर. कळसूबाई कितीही वेळा केलंत तरी ती उंची 1,646 मीटरच. पाय तयार होतील, विरळ हवेचं काय? मारांगूला झोपायला पक्क्या झोपड्या आहेत हे खरं, पण पाच दिवसांत सवयीचा मुक्कामच नाही. तिसऱ्याच रात्री 4,700 मीटरवरच्या किबो हटमधून थेट बाराशे मीटर चढायचं. माचामेवर दिवसा 4,600 मीटरच्या लाव्हा टॉवरपर्यंत जाऊन झोपायला पुन्हा चार हजारांच्या आसपास उतरतात. डोकेदुखी, उलट्यांनी अर्ध्यातून परतावं लागलं तर 2,90,000 गेलेच, आणि पुन्हा जायचं तर विमानापासून सगळा खर्च नव्याने. त्यापुढे माचामेचे जादा 50,000 मला महाग वाटत नाहीत. लेमोशो सुंदर आहे, पण त्यासाठी आणखी 40,000 तुमच्या हिशेबात बसत नाहीत.

आता भिशीचं. तुमचे 15,000 चे 8 हप्ते अजून बाकी आहेत. म्हणजे हातातल्या 3 लाखांपैकी 1,20,000 हे कर्जच आहे. शिवाय जानेवारीत गड्ड्याची यात्रा आणि थंडीचं गिऱ्हाईक सोडून तुम्ही दोन आठवडे दुकान बंद ठेवणार? 4 लाखांच्या एफडीला तर हात लावूच नका. सुताचे भाव चढले किंवा उधारी अडकली तर तीच कामी येईल.

म्हणून जानेवारी सोडा. जून ते ऑक्टोबर हाही तिथला कोरडा हंगाम असतो. 3 लाख तोवर मुदत ठेवीत टाका. हप्ते जूनमध्ये संपतील, मग जुलै ते सप्टेंबर तेच 15,000 बाजूला काढले की 45,000 होतात. माचामेचे एकूण 3,40,000 कर्जाशिवाय भागतात. सप्टेंबरअखेरची तारीख घ्या.

भारतातल्या एजंटाकडून पॅकेज घेतलंत तर टीसीएस, म्हणजे परदेशी पॅकेजवर एजंट आधीच वसूल करतो तो कर, धरलाय का ते विचारा. ती रक्कम विवरणपत्र भरताना वळती होते, पण आधी खिशातून जाते. हमालांना मजुरी किती देता, हेही विचारा. आणि विमा घेताना 6,000 मीटरपर्यंतचा ट्रेक व हेलिकॉप्टरने खाली आणण्याचा खर्च पॉलिसीत लिहिलेला बघा. प्रवास विम्याच्या बऱ्याच साध्या पॉलिसी एवढ्या उंचीला लागू होत नाहीत.