हेड तडकलंय? आर्गन मारण्याआधी हे वाचा

जुन्या गाड्यांच्या तडकलेल्या हेडवरच्या (हेड म्हणजे इंजिनाच्या ब्लॉकवरचे झाकण) पत्रांत दोनच समजुती आलटून पालटून येतात. एक, ‘ॲल्युमिनियम वेल्ड होतच नाही.’ दुसरी, ‘कुठलाही आर्गनवाला (आर्गन वायू वापरून वेल्डिंग करणारा) करून देतो.’ दोन्ही चूक.

१९८२ची प्रीमियर पद्मिनी गाडी आहे. तिचा ब्लॉकपण ॲल्युमिनियमचा असतो का? (वाचक, सांगली)

नाही. ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचे.

रेडिएटरमध्ये गळती थांबवणारी पावडर टाकली, पाणी जायचे थांबले. आता हेड उघडायलाच हवे का? (वाचक, ठाणे)

हवे. तडा होता तिथेच आहे. उरलेली पावडर रेडिएटरच्या नळ्यांत बसते, गाडी आणखी तापते आणि तडा वाढतो. डब्यावर ‘कायमचा इलाज’ लिहायला काही खर्च येत नाही. थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर पाण्याची वाट उघडणारी झडप) काढून टाकण्याचा सल्लाही तसाच ऐकीव; तो परत बसवा.

दोन व्हॉल्व्हच्या मधला तडा आर्गनने भरला. महिन्याभरात शेजारीच फुटला. वेल्डर कच्चा होता का? (वाचक, कोल्हापूर)

असेलही, पण आधी विचारा की त्याने हेड धुतले होते का. ओतीव ॲल्युमिनियमच्या बारीक छिद्रांत वर्षानुवर्षांचे ऑइल मुरलेले असते. वेल्डिंगच्या उष्णतेने ते उकळून वर येते आणि वेल्डमध्ये बुडबुडे राहतात. वरून चकचकीत, आतून जाळी! शिवाय ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते, पण त्यावरचा ऑक्साइडचा थर दोन हजार अंशांच्याही पुढे. म्हणून थर काढावाच लागतो, आणि वेल्डिंग मशीन एसी करंटवर लागते.

तडा कुठवर गेलाय ते रंगद्रव्य लावून बघायचे, टोकाला बारीक भोक पाडायचे म्हणजे तो पुढे सरकत नाही, मग खाच करून मुळापासून भरायचे. हेड आधी सगळीकडून सारखे तापवायचे. ॲल्युमिनियम तापून लाल होत नाही, त्यामुळे नजरेवर विसंबू नका, तापमान मोजा. तुमचा तडा आहे त्या जागी व्हॉल्व्हच्या सीटही (व्हॉल्व्ह टेकतात ती कडी) काढाव्या लागतात. थंड होऊ द्यायचे सावकाश. शेवटी गरम पाण्यात हवेच्या दाबाने तपासणी, मग फेसिंग, म्हणजे ब्लॉकवर बसणारी बाजू मशीनवर घासून सपाट करणे. तपासणी न करता हेड परत देणाऱ्याकडे मी स्वतः जाणार नाही. आणि मुळात हेड तापले कशाने, ते शोधल्याशिवाय नवा पैसा घालू नका.

एक धोका: क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनरने पुसून लगेच वेल्डिंग करू नका. फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो.

फेसिंग किती मारू? (वाचक, नाशिक)

कमीत कमी. जास्त काढले तर कॉम्प्रेशन वाढते, व्हॉल्व्ह आणि पिस्टनमधले अंतर घटते. हेडची जाडी मोजून मशीन शॉपला विचारा.

जुन्या फोक्सवॅगन बीटलच्या क्रँककेसला (इंजिनाचा खालचा सांगाडा) तडा आहे. घरीच ग्राइंडरने खाच करू का? (वाचक, पणजी)

थांबा. हवेने थंड होणाऱ्या बीटलचा क्रँककेस मॅग्नेशियम मिश्रधातूचा असतो. त्याचा भुगा पेटतो आणि पाणी मारले तर आग भडकते. मॅग्नेशियमचे काम केलेल्या माणसालाच दाखवा.

डिपस्टिकवर चहासारखे ऑइल दिसते. रॅली दोन आठवड्यांवर आली आहे, तेवढी चालवू का? (वाचक, पुणे)

नाही. ऑइलमध्ये पाणी गेलेय. तशीच चालवाल तर बेअरिंगे जातील आणि हेडचे काम पूर्ण इंजिनाचे होईल. गाडी उचलून वर्कशॉपला न्या, स्टार्टरला हात लावू नका.