भाऊ नोकरीसाठी दुबईला जातो आहे. गावी आई-वडिलांच्या मोबाइलवर आयएसडी (परदेशी साधा कॉल लावण्याची सोय) सुरू करावे, की इंटरनेट कॉल पुरेसा आहे?

आयएसडी सुरू करावे, आणि भावाला तिथला क्रमांक मिळताच त्यावर एकदा कॉल लावून पाहावा. माझा थोरला भाऊ नऊ वर्षांपासून शारजात आहे, आणि ‘इंटरनेट असताना आयएसडीवर पैसे कशाला घालवायचे’ हे त्याचे म्हणणे आमच्या घराला एकदा फार जड गेले आहे.

आमचे घर गुहागर तालुक्यात आहे. चार वर्षांपूर्वी मी माहेरी गेले असताना रात्री दीडच्या सुमारास अण्णांच्या छातीत कळ आली आणि शेजाऱ्यांच्या गाडीतून आम्ही त्यांना चिपळूणला नेले. त्यांची अँजिओप्लास्टी दादाने सुट्टीवर आला असताना मुंबईत करून घेतली होती. तिचे सगळे कागद त्याच्याच फोनमध्ये होते. डॉक्टर रक्त पातळ करणाऱ्या गोळीचे नाव विचारत होते आणि आईला ‘सकाळची पांढरी गोळी’ एवढेच ठाऊक होते. दादाचे व्हॉट्सॲप त्याच्या जुन्या भारतीय क्रमांकावर होते. त्यावर कॉल लागेना, कारण संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सॲपचे संदेश पोहोचतात, पण बोलण्याची सोय तिथे बंद ठेवलेली आहे. संदेशांच्या बारीक आवाजाने त्याला जाग आली नाही. मग साधा कॉल लावला. माझ्या रिचार्जमधले अमर्यादित बोलणे देशापुरतेच होते. परदेशी कॉलचे पैसे टॉकटाइममधून कापले जातात आणि तो शून्य होता. टॉपअप केल्यावरही क्रमांक चुकीचा असल्याचीच सूचना ऐकू येत राहिली. दादाने आईच्या वहीत ०५० ने सुरू होणारा तिथला क्रमांक लिहून दिला होता आणि मी त्याच्याआधी ९७१ लावून तोच फिरवत होते. ते शून्य तिथल्या तिथे कॉल करताना लागते, बाहेरून लावताना ते गाळून +९७१५० अशी सुरुवात करायची असते, हे मला इस्पितळातल्या एका वॉर्डबॉयने सांगितले. त्याचे वडील अबुधाबीत होते. चार वाजता, म्हणजे तिथल्या अडीच वाजता, कॉल लागला आणि दादाने गोळीचे नाव सांगितले. अण्णा बरे होऊन घरी आले, पण तो तासभर आईने कसा काढला हे मी पाहिले आहे.

म्हणून भावाचा तिथला क्रमांक आई-वडिलांच्या फोनमध्ये अधिक चिन्हासह साठवून द्या. स्मार्टफोनवर शून्य दाबून धरले की ते चिन्ह उमटते. बटणांच्या पुष्कळ फोनवर ताऱ्याची कळ दोनदा दाबावी लागते. चिन्ह जमत नसेल तर भारतातून त्याच्या जागी ०० चालते. टॉकटाइममध्ये थोडी रक्कम कायम ठेवा आणि तिची मुदत पाहत जा. अनोळखी परदेशी क्रमांकावरून मिस्ड कॉल आला तर उलट फोन करू नये, हेही त्यांना बजावून सांगा. त्या सापळ्यात टॉकटाइम रिकामा होतो.

कोणत्या कंपनीचा पॅक स्वस्त, हे मी सांगत नाही, कारण दर देशागणिक वेगळे असतात आणि बदलत राहतात. अमिरातीचा मिनिटाचा दर तेवढा पाहावा. रोजच्या गप्पांसाठी तिथे परवानगी असलेले ॲप वापरावे, आम्हीही तेच वापरतो. भाऊ अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये असता तर व्हॉट्सॲपवर बोलता आले असते, पण झोपलेल्या माणसाला उठवायला तिथेही मी साधाच कॉल लावला असता. शून्य गाळण्याचा नियमही सर्वत्र लागू नाही. इटलीत लँडलाइनला कॉल करताना ते ठेवावे लागते.

दादा अजूनही म्हणतो की त्या रात्री दोष आयएसडीचा नव्हता, मी क्रमांक चुकीचा फिरवला. तो क्रमांक त्यानेच तसा लिहून दिला होता, आणि एकदा लावून पाहू या असे मी तो निघाला तेव्हाच म्हटले होते.