लायसन्स परत हवंय ना, मग आधी आदेश नीट वाच

अरे, ड्रायव्हिंग लायसन्स गेल्याचा तुझा मेसेज वाचला. घाबरलायस ते कळतंय, पण धावपळ करण्याआधी एवढंच बघ की लायसन्स सस्पेंड झालंय की रद्द, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं. सस्पेंड असेल तर ठरलेल्या मुदतीपुरतं वापरता येत नाही, रद्द झालं असेल तर बंदीचा काळ संपल्यावर नव्याने अर्ज आणि बहुतेक ठिकाणी टेस्टसुद्धा परत.

हातात आलेला आदेश शांतपणे वाच, तो कोर्टाने काढलाय की लायसन्स देणाऱ्या ऑफिसने, कलम कुठलं, कधीपासून कधीपर्यंत, आणि खाली काय काय अटी टाकल्यात. पोस्टाने आला असेल तर पाकीट फेकू नकोस, त्यावरचा शिक्का कामाला येतो कारण अपिलाची मुदत बऱ्याचदा आदेश हातात पडल्यापासून मोजतात. भारतात मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १९ खाली आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत अपील करता येतं, आणि लोक हे दिवस ओळखीपाळखी शोधण्यात घालवतात याचं मला खरंच वाईट वाटतं. बंदीची मुदत कमी करून घेण्याची सोय आहे का तेही विचार, ब्रिटनमध्ये दारू पिऊन गाडी चालवल्याची बंदी १२ महिने किंवा जास्त असेल आणि कोर्टाने कोर्स देऊ केला असेल, तर तो वेळेत पूर्ण केल्यावर बंदी चतुर्थांशापर्यंत कमी होते.

आणि तारीख उलटली म्हणजे लायसन्स आपोआप सुरू झालं असं धरून चालू नकोस. दंड, फी, कोर्स, मेडिकल यातलं काही राहिलं असेल तर बऱ्याच ठिकाणी रेकॉर्डवर तू सस्पेंडच असतोस, म्हणून भरलेल्या प्रत्येक गोष्टीची पावती ठेव आणि लायसन्स पुन्हा चालू झाल्याचं लेखी घे.

तोपर्यंत गाडीला हात लावायचा नाही, अगदी कोपऱ्यापर्यंतसुद्धा नाही. तो वेगळा गुन्हा धरतात, आणि त्यात कोणाला लागलं तर इन्शुरन्स कंपनी हात वर करू शकते. इंटरनॅशनल परमिटवर चालवेन म्हणतोस, पण ते मूळ लायसन्ससोबतच चालतं रे. दुसरीकडून नवीन काढून देतो म्हणणाऱ्या एजंटपासून तर लांबच राहा, बंदी लपवून अर्ज करणं हाही गुन्हा होतो.

आदेशाच्या दोन्ही बाजूंचा फोटो आजच पाठव, आणि सध्या कामावर कसा जातोयस तेही लिही.