श्रवणकक्ष : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या इमारतीचा पुनर्विकास चालू असून नव्या सदनिकेत १७ फूट लांब व ११ फूट रुंद अशी बैठकीची खोली मिळणार आहे. माझ्याकडे जवळपास चारशे सीडी आहेत. त्यांत बहुतेक ख्यालगायन, नाट्यसंगीत आणि १९५०च्या दशकातील हिंदी-मराठी गाणी आहेत. जुना ॲम्प्लिफायर आणि स्पीकर आता थकले आहेत. नवे घ्यायचेच आहे तर सभोवार आणि वरूनही आवाज देणारा आठ स्पीकरांचा डॉल्बी ॲटमॉस संच घ्यावा, असा मुलाचा आग्रह आहे. मला मात्र दोनच चांगले स्पीकर घ्यावेत असे वाटते. मर्यादा दीड लाख रुपयांची आहे. काय करावे?
— एक वाचक, सहकारनगर, पुणे

उत्तर : आपला कल योग्य आहे आणि त्याचे कारण आपल्याच पत्रात आहे, ते म्हणजे त्या चारशे सीडी. आपण ज्याला ऑडिओ सीडी म्हणतो, ते माध्यमच दोन वाहिन्यांचे (स्टिरिओ), म्हणजे डाव्या आणि उजव्या स्पीकरसाठी वेगवेगळा ध्वनी असलेले आहे. त्यातही ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवरून उतरवलेली नाट्यपदे आणि पन्नाशीच्या दशकातील चित्रपटगीते मुळात मोनोमध्ये, म्हणजे एकाच वाहिनीवर, ध्वनिमुद्रित झालेली आहेत. बालगंधर्वांचे पद आठ स्पीकरांतून वाजवले, तरी त्या वेळी जे नोंदलेच गेले नाही ते आज कोठून येणार? रिसीव्हर, म्हणजे इतक्या स्पीकरांना ध्वनी वाटून देणारा ॲम्प्लिफायर, ते आपल्या हिशेबाने तयार करतो. स्टिरिओ ध्वनिमुद्रणातील काही अंश वेगळा काढून तो मागच्या आणि वरच्या स्पीकरांकडे पाठवतो. कधी ते सुखद वाटते, पण तानपुऱ्याची आस सोफ्याच्या पाठीमागून येऊ लागली की मला तरी गाण्यात लक्ष देणे अवघड जाते.

मैफलीचा विचार करून पाहा. सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवाच्या मंडपात आपण बसतो तेव्हा गाणे समोरून येते. पाठीमागून येते ती दाद, कुजबुज आणि उशिरा आलेल्या मंडळींची जागेसाठीची विचारपूस. बंदिस्त सभागृहात त्यात भिंतींवरून परतणाऱ्या ध्वनीची भर पडते. उत्तम सराउंड (सभोवार ऐकू येणाऱ्या) ध्वनिमुद्रणात मागच्या वाहिन्यांचा उपयोग या परतणाऱ्या ध्वनीसाठी केलेला असतो आणि तो फार सुंदर लागतो. मात्र त्यासाठी ध्वनिमुद्रणच तसे केलेले असावे लागते, आणि आपल्या कपाटात तसे काही नाही.

मुलाचे म्हणणे सर्वस्वी चुकीचे आहे असेही नाही. ॲटमॉस २०१२ मध्ये चित्रपटगृहांत आले आणि २०२१ पासून ॲपल म्युझिकवरही त्या पद्धतीने मिसळलेले संगीत मिळू लागले. तेथे प्रत्येक ध्वनीसोबत त्याच्या जागेची नोंद ठेवता येते आणि आपल्या खोलीत जितके स्पीकर असतील त्यांवर तो वाटला जातो. नवे चित्रपटसंगीत किंवा पाश्चात्त्य संगीत ऐकणाऱ्याला त्यात खरी गंमत आहे. दुसरा फायदा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. स्टिरिओमध्ये गायक नेमका मध्यभागी बसतो तो फक्त मध्यभागी बसलेल्या श्रोत्यापुरता; कडेच्या झोपाळ्यावर बसलेल्या माणसाला तो जवळच्या स्पीकरमध्ये शिरलेला वाटतो, कारण तेथला ध्वनी त्याच्या कानी आधी पोहोचतो. स्वतंत्र मधला स्पीकर असला की ही अडचण राहत नाही. घरातील चौघे एकत्र बसून ऐकत असतील, तर हा मुद्दा जरूर विचारात घ्यावा.

आता पैशांचे पाहू. आठ स्पीकर आणि रिसीव्हर असे नऊ नग दीड लाखात बसवायचे, तर प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी सोळा-सतरा हजार येतात. तेवढीच रक्कम एक ॲम्प्लिफायर आणि दोन स्पीकर यांत विभागली, तर खर्जापासून तारसप्तकापर्यंत आवाजाचा पोत ज्यात टिकतो असा संच मिळू शकतो. अशा संचात वरून आवाज यावा म्हणून छताकडे तोंड केलेले स्पीकर असतील, तर ते छतावरून परतणाऱ्या ध्वनीवरच अवलंबून असतात. पीओपीच्या पायऱ्या, खाचा आणि मधोमध फिरणारा पंखा असलेल्या छताखाली त्यांच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये.

स्पीकर ११ फुटी भिंतीच्या बाजूला ठेवून त्यांची तोंडे खोलीच्या लांबीकडे करावीत. दोन स्पीकरांमध्ये साधारण साडेसहा फूट अंतर असावे आणि आपली खुर्चीही प्रत्येकापासून तितक्याच अंतरावर असावी, म्हणजे समभुज त्रिकोण होतो. स्पीकर त्यांच्या पाठीमागच्या भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे ठेवावेत. ११ फूट अंतराच्या दोन समांतर भिंतींमध्ये सुमारे ५१ हर्ट्झचा आणि १७ फुटांच्या दिशेने सुमारे ३३ हर्ट्झचा ध्वनी फुगतो. स्पीकर कोपऱ्यात गेले की ही फूग वाढते आणि डग्ग्याची मींड घुमाऱ्यात बुडते. गुळगुळीत फरशीवर जाड सतरंजी आणि खिडक्यांना जड पडदे आवश्यकच समजावेत. मांडणी तपासायला जुनी मोनो सीडीच लावावी. डोळे मिटल्यावर आवाज दोन स्पीकरांच्या बरोबर मधल्या मोकळ्या जागेतून आला पाहिजे. तो पसरट किंवा एका बाजूला कललेला वाटला, तर स्पीकर बोट-दोन बोटे सरकवून पुन्हा ऐकावे.

फरशी आणि पीओपीचे काम होण्यापूर्वी आपल्या खुर्चीमागच्या भिंतीपर्यंत, पुढे स्पीकरच्या तारा ओढता याव्यात म्हणून, रिकाम्या नळ्या तेवढ्या टाकून घ्याव्यात. तो खर्च किरकोळ आहे, आणि पुढे मुलाने रिसीव्हर आणलाच तर हेच दोन स्पीकर पुढच्या बाजूचे म्हणून चालतील.

प्रश्न : मी रात्री हेडफोनवर गाणी ऐकतो. फोनमधील ‘स्पेशल ऑडिओ’ (Spatial Audio, म्हणजे ध्वनी सभोवतालून आल्याचा भास देणारी सोय) चालू ठेवावे का?
— एक वाचक, हडपसर

उत्तर : साध्या स्टिरिओ गाण्यांसाठी बंद ठेवावे. हेडफोनवर शेवटी दोनच वाहिन्या असतात. ध्वनी डोक्याबाहेरून आल्याचा भास कानाच्या पाळीच्या घडणीचे गणित मांडून निर्माण केला जातो. ते गणित सहसा सरासरी कानाचे असल्यामुळे कोणाला तो भास पटतो, तर कोणाला आवाज नुसताच पातळ झाल्यासारखा वाटतो. गाणे ॲटमॉससाठीच मिसळलेले असेल तर दोन्ही प्रकारे ऐकून पाहावे, पण आवाजाची पातळी सारखी ठेवून; जे किंचित मोठ्याने वाजते तेच आपल्याला अधिक चांगले वाटत असते.